अर्ध्या डोक्याचं औषध

आत-बाशी, १२ सप्टेंबर २००७

साओदात-एजे,

ओळखलंत का? बिश्केकच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात बाकावर तुमच्या शेजारी निळा रुमाल बांधून बसले होते, ती मी. तुम्ही पिशवीतून नान काढून अर्धी मला दिलीत आणि म्हणालात, "खा गं, केसांसाठी उपाशी राहायला अजून कुणी सांगितलेलं नाही." त्या दिवशी त्या बोळकांडीत हसणाऱ्या आपण दोघीच होतो.

पत्ता देताना तुम्ही म्हणालात, फोन करू नकोस, फोन दुकानात आहे आणि गिऱ्हाइकं कान लावून बसतात. आमचा फोन वडिलांच्या उशाशी असतो. त्यांना अजून काही माहीत नाही. आईला माहीत आहे, कारण जुलैत माझे केस धुताना तिनेच पहिली चाई पाहिली. नाण्याएवढी, गुळगुळीत, जणू तिथे कधी केस नव्हतेच. आता तीन झाल्यात. एक कानामागे, एक माथ्यावर, एक मानेवर.

मुद्द्याचं लिहिते. डॉक्टर रिम्मा अर्काद्येव्नांनी तुम्हाला पांढरं मलम दिलं आणि मला तपकिरी. मी विचारलं, आजार एकच तर औषधं दोन का? त्या म्हणाल्या, "तुमचं शरीरच तुमच्या केसांना परकं समजून हाकलतंय. त्याची समजूत कुठल्या मलमाने पटेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही. लावायचं आणि बघायचं."

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, एजे. असं उत्तर ऐकून मला गप्प बसवत नाही. तर माझी सूचना अशी: आपण दोघींनी आपापलं मलम नेमाने लावायचं आणि काय होतंय ते एकमेकींना खरंखरं कळवायचं. मी कानामागे आणि माथ्यावर मलम लावीन, मानेवरच्या चाईला मात्र काहीच लावणार नाही. काही न करता काय होतं, तेही कळायला हवं ना.

मला घाई आहे. मेदेरच्या आईने मे महिन्यात माझ्या कानात चांदीच्या बाळ्या घातल्या, म्हणजे लग्न ठरलंच. पुढच्या जूनमध्ये करायचं म्हणतात. मेदेर आमच्याकडचा गुरांचा डॉक्टर. त्याला मी काही सांगितलेलं नाही. रुमाल बांधून फिरते आणि सर्दी झाली म्हणते. उन्हाळाभर सर्दी!

उत्तराची वाट बघते.

तुमची,
कालिपा


उझगेन, ३० सप्टेंबर

कालिपा मास्तरीणबाई,

म्हणजे आता माझ्या डोक्याचीसुद्धा शाळा भरणार! भरू दे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला एजे नाही म्हणत, ओपा म्हणतात, पण तुझ्या तोंडी एजे बरं वाटतं. तेच ठेव.

माझ्या पांढऱ्या मलमाचं ऐक. स्टिरॉइड म्हणतात ते हेच. झोपताना चाईवर पातळ थर द्यायचा, वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर टोपी. हाकिमजान, म्हणजे आमचे हे, मला तशी बघून म्हणाले, "छप्पर गळतंय का? मला सांगायचंस, पत्रा टाकून दिला असता." बत्तीस वर्षं संसार केला या माणसाशी, आणि हे मिळालं. मलमाचा वास नाही, जळजळ नाही. पण डॉक्टरीणबाईंनी दरडावलंय की जास्त फासलं तर कातडी कागदासारखी होईल.

तुला लग्नाची काळजी, मला दुकानाची. दुकान म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची आणि एक आरसा, पण पंचवीस वर्षं उझगेनच्या निम्म्या नवऱ्या मी सजवल्यात. केस कापणाऱ्या बाईचं स्वतःचं डोकं हीच तिची पाटी असते गं. परवा मुकद्दस आली होती, माझी जुनी गिऱ्हाईक. तिच्या केसांना कंगवा लावला, वाकले, तर माझा रुमाल सरकला. तिने वेणी माझ्या हातातून अशी ओढून घेतली जशी मी कात्रीऐवजी साप धरलाय. "लागण तर नाही ना, साओदात?" मी म्हटलं, "असती तर सगळ्यात आधी माझ्या जिभेची तुला लागली असती." ती गेली. परत आली नाही. आणि ती गेली म्हणजे तिची सगळी गल्ली गेली.

तेव्हा बघू तुझा प्रयोग. पण ते मानेला काही न लावणं मला पटत नाही. उपाशी ठेवल्यासारखं वाटतं बिचारीला.

तुझी,
साओदात


आत-बाशी, ८ नोव्हेंबर

साओदात-एजे,

तुमचं मलम राणी आहे. माझं तपकिरी ऐका. ते थोडा वेळच ठेवायचं आणि धुवून टाकायचं. डॉक्टर म्हणाल्या, कातडीला मुद्दाम चिडवायचं म्हणजे शरीराचं लक्ष केसांवरून उडतं. कातडी चिडते, यात शंका नाही. मुंग्यांचं वारूळ उपडं केल्यासारखं होतं. आणि जिथे लागेल तिथे डाग! उशी, टॉवेल, बोटं, कपाळ. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही अक्रोड सोलत होता का?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती आणखी अक्रोड घेऊन आली, मला आवडतात असं वाटून.

केस मात्र नाहीत. माथ्यावरची चाई कानामागच्या चाईला जाऊन मिळाली. मानेवरची आहे तशी आहे. कपाळाच्या वर चौथी आली.

आता नीट वाचा. मी डॉक्टरांना दवाखान्यात फोन केला होता, टपाल कचेरीतून. त्या म्हणाल्या, नव्या वर्षापर्यंत फरक पडला नाही तर ये, तुलाही पांढरं मलम देऊन बघू. पण डोलोन घाटात आता बर्फ पडलंय. गाडी मिळाली तरी कधी पोचेल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं, आणि वडिलांना काहीतरी कारण सांगावं लागेल. तुम्हाला पांढऱ्याने जरा जरी गुण आला असला तर मी जाते, कशीही जाते. नसला तर हा खटाटोप कशाला? म्हणून स्पष्ट लिहा.

मेदेर परवा भेटला. त्याच्या हातून घोडीचं बाळंतपण सुखरूप पार पडलं म्हणून खुशीत होता. म्हणाला, "तुझी सर्दी घोडीला असती तर एव्हाना मी बरी केली असती." मी हसले आणि लगेच घरी आले.

कालिपा


उझगेन, २ डिसेंबर

कालिपा पोरी,

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. कामात होते.

माझंही तसंच म्हण. पांढऱ्या मलमाने विशेष काही नाही. बारीक पुळ्या आल्या तेवढ्या. तू घाटात जीव धोक्यात घालू नकोस.

एक गंमत सांगते. रशियात येकातेरिनबुर्गला माझा थोरला मजुरी करतो ना, त्याने केस वाढवायचं पाणी पाठवलं. काय ते नाव, मिनॉक्सिडिल. बाटलीवर पुरुषाचं चित्र. मी म्हटलं आजार काय बाई-पुरुष बघतो? लावलं. ते ओघळलं कपाळावरून, कानशिलावरून, आणि महिन्याभरात माझ्या गालावर लव! हाकिमजान म्हणाले, "मशिदीत ये आता माझ्याबरोबर, पुढच्या रांगेत जागा देतील." बंद केलं ते पाणी.

थंडी फार आहे. डोकं झाकून ठेव. जेवत जा.

साओदात


आत-बाशी, ६ जानेवारी २००८

साओदात-एजे,

तुमच्या पत्राप्रमाणे मी बिश्केकला गेले नाही. दोन्ही मलमं सारखीच म्हटल्यावर काय जायचं.

तपकिरी मलम संपलं, नवं आणलं नाही. आईने न विचारता मानेवरच्या चाईवर ठेचलेला लसूण बांधला. मी झोपले होते. फोड आले. तेव्हा ती चाई आता आपल्या प्रयोगात धरू नका. आई रडत होती. मी तिला म्हटलं, असू दे.

बाकी ठीक. शाळा सुरू आहे.

कालिपा


उझगेन, १० फेब्रुवारी

कालिपा,

एवढंसं पत्र? तुझ्या पत्रात एरवी सासूसारख्या सूचना असतात. लसूण बांधू देऊ नकोस, आईला माझं नाव सांग. आमच्याकडेही सगळे तेच सांगतात. लसूण, कांदा, दारूत भिजवलेली लाल मिरची. शेजारची म्हणाली रॉकेल. मी म्हटलं काडी तूच आण मग.

इकडे बरं चाललंय. मुकद्दस परत आली! पुतणीचं लग्न आहे म्हणे आणि साओदातसारखी वेणी कुणाला घालता येत नाही म्हणे. घुश्शातच बसवलं तिला. नवरोजच्या आधी कामाची झुंबड उडणार, त्याआधी एक दिवस काढून मेंदी लावून घेईन म्हणते, पांढरे फारच उठून दिसतात आणि बायका विचारत बसतात. जर्दाळूला कळ्या धरल्यात. तुमच्याकडे अजून गुडघाभर बर्फ असेल.

मेदेर कसा आहे? त्याला सांगितलंस की नाही? मलम सोडू नकोस गं.

साओदात


आत-बाशी, २४ फेब्रुवारी

साओदात-एजे,

पांढरे फारच उठून दिसतात. कुठले पांढरे? दवाखान्यात बाकावर बसला होता तेव्हा तुमच्या डोक्यावर एकही पांढरा केस नव्हता.

टकलावर मेंदी कुणी लावत नाही, एजे. चाईतून केस परत येतात तेव्हा आधी पांढरे येतात, हे त्याच दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलं होतं, आपल्या बाकाच्या बरोबर समोर. तुमचे केस आलेत. आणि मेंदी लावण्याइतके वाढलेत, म्हणजे कालपरवा आलेले नाहीत. तुम्ही डिसेंबरात मला "विशेष काही नाही" लिहिलंत तेव्हा ते होते.

तुम्हाला वाटलं असेल, पोरीला वाईट वाटेल. वाटलं असतं. एक दिवस उशीत तोंड खुपसून रडले असते आणि दुसऱ्या दिवशी गाडी पकडली असती. बर्फातून गेले असते. आपल्यात एकच गोष्ट ठरली होती, खरं लिहायचं. तुम्ही माझी कीव केलीत. आणि त्या किवेवर विश्वास ठेवून मी अख्खा हिवाळा घरी बसले.

आता माझं खरं ऐका, मीही लपवलंय. जानेवारीत डोक्यावरचे बहुतेक केस गेले, कडेने थोडे उरलेत. मग भुवया गेल्या. केसांना रुमाल असतो, भुवयांना काय बांधणार? पेन्सिलने काढते. गेल्या आठवड्यात मी बाळ्या कानातून काढल्या आणि आईच्या हातून मेदेरच्या घरी परत पाठवल्या. कारण सांगितलं नाही. आईलाही सांगू दिलं नाही. मेदेर दोनदा दारात येऊन गेला. मी बाहेर गेले नाही.

तुमचे केस आले याचा मला आनंद आहे. खरंच आहे. पण मला आता पत्र लिहू नका.

कालिपा


उझगेन, ५ मार्च

कालिपा,

लिहू नका म्हणालीस म्हणून एवढंच. तुझं नोव्हेंबरचं पत्र वाचत होते तेव्हा माझा हात डोक्यावर होता, नव्या केसांवर. चौथी चाई आली ते तू लिहिलं होतंस. मला लिहवलं नाही.

हे पत्रात निस्तरण्यासारखं नाही. येतेय. हाकिमजान म्हणतात वेडी झालीस. कात्री, वस्तरा आणि भुवयांचं सामान घेतलंय. हे पत्र आधी पोचतं की मी, बघू.

साओदात


आत-बाशी, २ एप्रिल

साओदात-एजे,

तुम्ही आधी पोचलात. पत्र तुम्ही गेल्यानंतर पाच दिवसांनी आलं. टपालवाल्याला मी म्हटलं, "यातली बाई येऊन, जेवून, भांडून परतसुद्धा गेली."

तुम्ही होता तोवरचं तुम्हाला ठाऊकच आहे. दारात उभ्या राहिलात, बूट बर्फाने भरलेले, आणि मी आत घेण्याआधीच म्हणालात, "आधी भांड, मग चहा दे." मी भांडले. मग चहा दिला. मग तुम्ही माझे उरलेसुरले केस उतरवलेत आणि वडील अचानक घरात आले. ते अजून गावभर सांगतात की उझगेनच्या बाईच्या हातात वस्तरा बघून मला वाटलं दरोडा पडला! पण तुम्ही अंगणात गेलात तेव्हा त्यांनी काय केलं ते तुम्हाला माहीत नाही. स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, थोडं मागे सरून पाहिलं आणि म्हणाले, "मला शोभत नव्हती कधीच. तुला बरी दिसते." आणि घोड्याला चारा घालायला निघून गेले. मी आठ महिने त्यांना घाबरले होते, एजे.

आता पुढचं.

तुमची गाडी गेली त्याच दुपारी मी मेदेरच्या घरी गेले. तुम्ही काढून दिलेल्या भुवया होत्या. एकेक केस काढावा तशा बारीक रेघा, माझ्या पेन्सिलच्या दोन काठ्यांसारख्या नाहीत. डोक्याला रुमाल. उमसुनाय-अपा, मेदेरची आई, एकटीच होती, पीठ मळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"बाळ्या आल्या. आता तू कशाला आलीस? काही राहिलं होतं परत करायचं?"

मी काही ठरवून गेले होते बोलायला. त्याऐवजी रुमाल सोडला.

तिचे हात पिठात थांबले. मग तिने विचारलं,

"दुखतं?"

"नाही, अपा."

"लागण होते?"

"नाही."

"उद्या पोरंबाळं?"

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही. डॉक्टरांना विचारलंय मी."

"भूक लागते?"

मला कळेना. म्हटलं, "लागते."

"मग काय झालंय तुला?" ती एकदम भडकलीच. "महिनाभर मी काय काय ऐकलं गावात! पोरीला दुसरा मिळाला. पोरीला शहरात नोकरी मिळाली. माझ्या मुलात खोट आहे. मी झोपले नाही धड. आणि काय, तर केस! केस गेले. कान आहेत ना जागेवर?"

तिने पिठाचे हात पुसले नाहीत. तशीच उठली, पेटी उघडली आणि बाळ्या काढून माझ्या कानात घातल्या. कान पिठाने माखले. मग रडली, आणि मलाच म्हणाली रडू नकोस.

मेदेर संध्याकाळी आला. तिने त्याला आधी काही सांगितलं नव्हतं. तो माझ्या उघड्या डोक्याकडे बघून म्हणाला,

"हां. म्हणजे सगळेच गेले."

"तुला माहीत होतं?"

"रुमालाखालून मानेवरची दिसायची. लोकर विकून दिवाळखोर झालेल्या मेंढीसारखी. आणि जानेवारीत तुझी डावी भुवई उजवीपेक्षा वर गेली. मला वाटायचं, माझं प्रत्येक बोलणं ऐकून तुला धक्का बसतोय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सर्दी म्हणालीस. मी वाट बघत होतो, सर्दीचं काहीतरी दुसरं नाव कधी सांगतेस त्याची."

मी त्याला उशी फेकून मारली. उमसुनाय-अपा ओरडली, पीठ सांडेल!

लग्न आता ऑक्टोबरात करायचं ठरलं. ते मीच म्हटलं. केसांसाठी नाही. उन्हाळ्याची सुट्टी मला हवी आहे, ते नंतर लिहीन.

रागावले होते ते खरं. आता नाही, तेही खरं.

तुमची,
कालिपा


उझगेन, ६ मे

माझ्या लाडक्या मास्तरीणबाई,

तुझं पत्र हाकिमजाननी मोठ्याने वाचलं. दिवाळखोर मेंढीपाशी आले आणि पुढे वाचवेना त्यांना, इतके हसले. मेदेरला सांग, उझगेनला त्याला एक मित्र आहे.

आता आपल्या प्रयोगाची खरी हकीकत घे, काही न लपवता. माझ्या माथ्यावरच्या दोन चाया भरल्या. पांढरे आले होते ते हळूहळू काळे होतायत. मी छाती काढून म्हणत होते, पांढऱ्या मलमाची कमाल. तर परवा हाकिमजान मागून म्हणाले, "आणि ही मानेजवळची पण भरली की." कुठली? मला मानेजवळ चाई होती हेच माहीत नव्हतं! आरशात दिसत नाही, कुणी सांगितली नाही. "मला वाटलं तू तिथेही लावतेस," म्हणाले. थेंबभरही लावलेलं नाही गं कधी. ती आपली आपण गेली आणि आपली आपण भरली.

म्हणजे बाकीच्या दोन मलमाने भरल्या की त्याही अशाच भरणार होत्या? तूच सांग. तुझी ती उपाशी ठेवायची कल्पना मला तेव्हा पटली नव्हती. आता कळली. तुला डिसेंबरात पांढरं मलम मिळालं असतं तर केस आले असते की नसते, हे मलाही माहीत नाही आणि तुलाही नाही. माझी चूक त्याने लहान होत नाही. पण त्या हिवाळ्याचं ओझं फार वाहू नकोस.

आणखी एक. कानाच्या वर नवी चाई आली आहे. ही बघ, लगेच कळवली. पांढरं मलम पुन्हा सुरू केलंय, प्लास्टिकची टोपीही. आणि दुकानात रुमाल काढून ठेवते. मुकद्दसने पाहिलं. मी म्हटलं, "बघून घे, मग बस." बसली.

उन्हाळ्याचं काय ते लिही. बिश्केकला राहायचं असेल तर माझी भाची झुल्हुमार तिथे आहे, शिवणकाम करते. एकटी असते. तिला मी सांगून ठेवलंय. तुझं नाव घेतल्यावर म्हणाली, टोपी घालून झोपणारी ती हीच का? म्हटलं नाही, ती मी.

साओदात


बिश्केक, ३ ऑगस्ट

साओदात-एजे,

झुल्हुमारच्या खोलीत बसून लिहितेय. तिचं शिलाई मशीन आणि तुमच्यासारखंच तोंड, दोन्ही अखंड चालू असतं. मजेत आहे.

डॉक्टर रिम्मा अर्काद्येव्नांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, एवढं गेल्यावर पांढरं मलम पुरं पडेल असं वाटत नाही. एक द्रव आहे. आधी एकदा लावून शरीराला त्याची ॲलर्जी जडवायची, आणि मग दर आठवड्याला अगदी सौम्य करून डोक्यावर फिरवायचा. खाज सुटते, लाल होतं, कधी मानेत गाठी येतात. तेच हवं असतं. दर आठवड्याला दवाखान्यात यावं लागतं म्हणून गावाकडच्यांना देता येत नाही. मी म्हटलं, मला सुट्टी आहे.

आणि आता ऐका. डॉक्टर तो द्रव फक्त डाव्या अर्ध्या डोक्यावर लावतात! उजवी बाजू कोरी. मी विचारलं का, तर म्हणाल्या, "डावीकडे आले आणि उजवीकडे नाही, तर औषधाने आले. दोन्हीकडे आले, तर तुझं नशीब. नशिबाचं श्रेय मी औषधाला देत नाही." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. अर्ध्या डोक्याची मी आणि मानेची उपाशी चाई, आमचा सन्मान झाला.

खाज कशी असते म्हणून सांगू? डावीकडे इतकी की हात बांधून बसावंसं वाटतं. उजवीकडे शांतता. झुल्हुमार म्हणते, तुझ्या डोक्यात दोन बिऱ्हाडं आहेत आणि एकात रोज भांडण. दोन आठवडे मी फार कंटाळले. सोडून द्यावं असं लिहिलेलं एक पत्र तुम्हाला टाकलं नाही, फाडलं. मेदेर कुमिसची बाटली घेऊन आला होता, वाटेत ती उन्हाने फुटली आणि तो आंबलेल्या दुधाने न्हाऊन दारात उभा. त्या दिवशी खाज विसरले.

काल आरशात काही दिसलं नाही. पण झुल्हुमारने खिडकीशी नेऊन उजेडात वाकवलं आणि किंचाळली. डावीकडे लव आहे, एजे. जर्दाळूच्या सालीवर असते तेवढीच. पांढरी. बोट फिरवलं की कळते. उजवीकडे काही नाही.

मी खरं लिहिलंय. तुम्हीही खरा आनंद करा, मला जपू नका. डॉक्टर म्हणाल्या, उन्हाळ्यानंतर महिन्यातून जमेल तितकं ये, थांबलं तर पुन्हा जाऊही शकतात. जातील तेव्हा बघू.

कालिपा


आत-बाशी, १९ ऑक्टोबर

साओदात-एजे,

तुम्ही लग्नाला येऊ शकला नाहीत त्याचं वाईट वाटलं, पण नातीचा जन्म त्याहून मोठा. तिचं जावळ कसं आहे ते कळवा. मला आता सगळ्यांच्या डोक्याकडेच आधी बघायची सवय लागली आहे.

लग्न छान झालं. बर्फ पडलं नाही. माझ्या वडिलांनी तुमच्या वस्तऱ्याची गोष्ट पाहुण्यांना सांगितली, या वेळी त्यात दोन दरोडेखोर होते.

तुम्हाला एक सांगायचं राहून जाऊ नये म्हणून आजच बसले. आमच्याकडे नवरी सासरी आली की जावा तिच्या मुलीपणाच्या वेण्या सोडतात आणि बाईच्या दोन वेण्या घालतात, मग डोक्याला पांढरा रुमाल बांधतात. माझी मोठी जाऊ कंगवा घेऊन आली. पडद्याआड आम्ही पाचसहा बायका. मी डोकं उघडं केलं. डावीकडे बोटाच्या पेराएवढे पांढरे केस, उजवीकडे गेल्या महिन्यापासून औषध सुरू झालंय, अजून कोरी. जाऊ बिचारी चांगली आहे. तिचा हात हवेत थांबला. हळूच म्हणाली, "अपा, कुठून सुरू करू?"

मला वाटलं मीच काहीतरी विनोद करावा.

उमसुनाय-अपाने कंगवा तिच्या हातून घेतला. माझ्या मागे बसली, गुडघे माझ्या दोन्ही बाजूंना. तिने काळ्या रेशमी धाग्यांचे दोन जाड पेड करून आणले होते, आत घालायच्या टोपीला शिवलेले. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण टोपी तिने लगेच घातली नाही. आधी डावी बाजू विंचरली, कपाळापासून मानेपर्यंत, ते इवलेसे पांढरे केस. मग उजवी बाजू. तिथे काहीच नव्हतं, तरी कंगवा तसाच कपाळापासून मानेपर्यंत आणला, हलक्या हाताने, टोचू नये म्हणून. पुन्हा डावी, पुन्हा उजवी. बायका लग्नातलं गाणं म्हणायला लागल्या. मग तिने टोपी चढवली आणि धाग्यांच्या वेण्या घातल्या, एक इकडे, एक तिकडे.

एजे, मी लक्ष देऊन पाहत होते, तुम्हाला माहीत आहे माझी सवय. तिने दोन्ही बाजूंना सारखाच वेळ दिला.

तुमची,
कालिपा